पंचवीस मिनिटांचं विमान

थोरल्या बहिणीच्या पोरीचं लग्न ठरलं, त्याच दिवशी मी जानेफळच्या चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं, की आपण विमानानं जाणार. सख्खा मामा म्हणजे मी एकटाच. आमच्यात नवरीला हात धरून बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तो नसला तर पोरीचं पाऊल उचलत नाही.

लग्नाचं कार्यालय आमच्या गावाच्या पश्चिमेकडच्या छोट्या विमानतळाला इतकं लागून, की विमान उतरलं तर पंगतीतल्या पत्रावळी उडाव्यात. पूर्वेलाही तसाच एक छोटा विमानतळ आहे. मोबाईलमध्ये दोन्ही नावं टाकली. अंतर दीडशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंचवीस मिनिटं. साफ लिहिलेलं!

"तिकीट काढलं काय बे?" दोस्तानं विचारलं.

"पंचवीस मिनिटाले कोणी आधी तिकीट काढते का? एसटीत काढतो नं बसल्यावर?"

आदल्या दिवशी घरचे सगळे दोन जीपांत कोंबून बसून निघाले. मी मात्र लग्नाच्या दिवशी, कडक सफारीत, पहाटे उठून निघालो. पश्चिमेला जायचं म्हणून अडीच तास पूर्वेला गेलो. मुहूर्त साडेबाराचा. माझ्या हिशेबानं मला तिकडे पोचून दाढी करायलाही वेळ होता.

गेटवर चौकीदार शेंगा सोलत बसला होता.

"पश्चिमेकडं जाणारं विमान कुठी लागते?"

"कोणतं विमान, काका?"

मी मोबाईल त्याच्या नाकाशी धरला. त्यानं सावकाश वाचला. "हे तं बरोबर आहे. उडालं तं पंचवीसच मिनिटं लागतीन."

"मंग उडते कधी?"

"मी सहा वर्षांपासून आहो इथी. आतापर्यंत नुसती टिटवीच उडून राह्यली."

माझ्या पायाखालची धावपट्टी सरकली. साडेआठ वाजलेले. एसटीचा भरवसा नाही. रस्त्यावर पश्चिमेकडं निघालेला कोथिंबिरीचा टेम्पो दिसला, त्याच्यासमोर मी असा आडवा झालो की ड्रायव्हरला मला घेण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. पुढे त्याच्या दोन मेव्हण्या बसलेल्या, म्हणून मी मागे, जुड्यांवर. खामगावपर्यंत मी बसलेला होतो, मलकापूरला आडवा, त्यापुढच्या खड्ड्यांत बराच वेळ हवेत. तेवढं उड्डाण मी नक्की केलं.

दीड वाजता कार्यालयाच्या दारात उतरलो. वाजंत्री थकून बसलेली, वऱ्हाडी मोहरीसारखे तडतडत होते. भटजींनी दुसरा मुहूर्त काढला होता, त्यालाही सातच मिनिटं उरली होती. चुलत मामाला उभं करायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, पण नवरी खोलीतून हलेना.

बहिणीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. कानामागून कोथिंबिरीची काडी काढली. "उतरलं का रे तुहं विमान?"

"बाई, ते हवामान..."

"हवामान गेलं खड्ड्यात! आत जाय. तिनं सकाळपासून पाणी नाही घेतलं."

आत पोरगी पाटावर बसलेली, मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या. रस्त्यात मी तिच्यासाठी ढग, हवाई सुंदरी, पायलटशी झालेली दोस्ती, सगळं तयार करून ठेवलं होतं. तिनं वर पाहिलं. डोळे लालभडक.

तोंडापर्यंत आलेले ढग मी गिळले. "विमान नव्हतंच, बाई. मी विचारलंच नाही."

तिनं माझा हिरवा, मळका हात घट्ट धरला. "चाला, मामा," ती म्हणाली, "आता हळू चालू नका."