अम्माचे आजार

आमच्या गल्लीतल्या अम्माइतक्या वेळा मरणाच्या दारातून परत आलेली बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायची नाही. पितृपक्ष लागला की दर वर्षी तिला काहीतरी जीवघेणं व्हायचं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते औषधाशिवाय बरं व्हायचं. मधल्या दिवसांत तिची तिन्ही लेकरं पुण्याहून, सोलापूरहून आणि सुरतेहून येऊन तिला बघून गेलेली असायची. आजाराचं कामच तेवढं होतं.

अम्मा तेलंगणातल्या एका खेड्यातून लग्न होऊन नगरला आली, तेव्हा तिला मराठीतलं 'पाणी' एवढंच येत होतं. नवरा मागावर लुगडी विणायचा. तो लवकर गेला आणि अम्मानं विड्या वळून तीन लेकरं वाढवली. त्यामुळे तिची बोटं रिकामी राहतच नाहीत. लग्नात पंगतीला बसली तरी ती पत्रावळीची टोकं दुमडत बसते. एकदा तिला खराखुरा खोकला झाला म्हणून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. औषधाच्या दुकानापर्यंत जाईतो तिनं डॉक्टरांची चिठ्ठी गोल वळून, टोक दाबून, पदराच्या दोऱ्यानं बांधून तयार ठेवली होती. दुकानदारानं ती हातात घेतली, 'थँक्यू आजी' म्हणाला आणि कानावर खोचली.

दुसरी गोष्ट चिंचेची. मराठी माणसांचं सगळं चांगलं, फक्त त्यांना आंबट कळत नाही, असं तिचं ठाम मत. आमची सुधारणा व्हावी म्हणून ती वाटीभर सार धाडायची. माझी आई एक घोट घेऊन डोळे मिटायची आणि भिंतीपलीकडे ओरडून विचारायची, "अम्मा, सारात चिंच हाय का चिंचंत सार हाय?" तिकडून उत्तर यायचं, "पी गप! दात पक्के होतात."

माझे आईवडील शेवगावकडचे, वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. अम्मानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बरं झालं बिड्डा. शिकलेल्या माणसाचं खोटं लोकांना पटतं." बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू. त्या दिवसापासून तिचे आजार फोनवर कळवायचं खातं माझ्याकडे आलं.

त्यातही तिची शिस्त होती. पुण्याच्या थोरल्याला छातीत कळ कळवायची, कारण त्याला स्वतःला बीपी. सोलापूरच्या लेकीला अन्न जात नाही म्हणायचं. सुरतेत मागावर कामाला असलेल्या धाकट्याला, "डोळ्यापुढं अंधारी येते, तुझं तोंड एकदा बघू दे." एका वर्षी तिघंही एकाच वेळी एसटी स्टँडवर भेटली, रिक्षात बसून त्यांनी आजार ताडून पाहिले आणि दारातून विचारलं, "अम्मा, आज कुठला चालू आहे?" अम्मा सार ढवळत म्हणाली, "हातपाय धुवा आधी. तुम्हाला बघून सगळे पळाले."

हा सगळा खटाटोप बतुकम्मा या तेलुगू सणासाठी. नवरात्रात त्यांच्या बायका ताटात फुलांचे थरावर थर रचून शिखर करतात, टाळ्या वाजवत त्याभोवती फेर धरतात आणि शेवटी ती फुलं पाण्यात सोडतात. अम्माच्या घरचा नियम असा, की प्रत्येक लेकरानं आपल्या हातानं एक थर लावायचा. वर्षातून तिघं एका छपराखाली यावीत, एवढंच तिचं मागणं होतं.

गेल्या वर्षी मात्र विपरीत झालं. थोरला आणि लेक आलीच नाहीत. आला तो धाकटा, आणि परत जातो तर मालकानं त्याच्या मागावर दुसरा माणूस बसवलेला. पुढचे दोन महिने त्यानं दारोदार काम शोधलं. हे अम्माला कळलं आणि त्या दिवसापासून तिनं आजाराचं नावच काढलं नाही.

या वर्षी मी विचारलं, "अम्मा, यंदा काय झालंय तुला?"

"काही नाही. खरं सांग. अम्मा चांगली आहे, येऊ नका म्हण."

"मग दसऱ्याला कुणीच येणार नाही गं."

"नको येऊ दे."

तिनं सांगितलं तसं मी कळवलं. तिघांनीही ते माझ्याकडून दोन-दोनदा वदवून घेतलं. मग थोरला हळूच म्हणाला, "ताई, लपवू नकोस. आहे ना ती?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघंही दारात हजर. दाराला कुलूप! लेकीनं उंबऱ्यावरच हंबरडा फोडला. माझी आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "अगं रडती काय? म्हातारी दोन भाकरी हाणून माळावर गेलीया तरवडाची फुलं आणायला!" तेवढ्यात पिवळ्याजर्द फुलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन अम्मा आली, लेकरांना बघून थांबली आणि माझ्यावर डाफरली, "काय सांगितलं तू यांना?"

"तू सांगितलंस तेच."

मग धाकट्याकडे वळून, घाबरत, "नव्या मालकाला काय म्हणालास?"

"म्हणालो, आई चांगली आहे, येऊ नको म्हणते. त्यानंच गाडीत बसवलं मला."

त्या दिवशी थर लागले, फेर झाला. दुसऱ्या सकाळी तिघंही आपापल्या गाडीनं गेली. मी चहा घेऊन गेले तर अम्मा दारात बसली होती.

"माझी आई पण मास्तरकडून पत्रात असंच लिहून घ्यायची," ती म्हणाली. "मी चांगली आहे, येऊ नको, तुझी लेकरं लहान आहेत. लेकरांचे वडील वाचून दाखवायचे. म्हटलं, चांगली आहे म्हणते, मग कशाला जायचं? तीन दसरे तसेच गेले. चौथ्याला गेले तर आमच्या दारात दुसऱ्याची म्हैस बांधलेली."

बी.ए.चा तिथं काही उपयोग नव्हता.

"माझी लेकरं शहाणी, बिड्डा. एका फोनात कळलं त्यांना. मला तीन पत्रांत नाही कळलं."

तिनं चहा संपवला आणि पोचली का विचारायला मला तिघांनाही फोन लावायला लावले. सुरतेची गाडी तेव्हा तासाभरावरच्या राहुरीलाही पोचली नव्हती.