एका हिसक्यात सुटणारी गाठ

मुलांनो, मी फौजदार होते तेव्हाची एक दुपार अजूनही विसरता येत नाही.

सोलापूरच्या कडेला एक इमारत उभी राहत होती. मंगळवेढ्याकडचं एक मेंढपाळ कुटुंब तिथे नुकतंच कामाला लागलं होतं: दोन भाऊ आणि धाकट्याची बायको. थोरला बांधकामाच्या परांचीवरून पडला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला, पण तो बेशुद्ध होता.

नाव न सांगता एकाने आमच्या ठाण्यात फोन केला. "पडला न्हाय, पाडलाय. सकाळी मुकादमाशी भांडण झालतं."

पंचनामा करून मी त्याचा कमरेचा सुरक्षा-पट्टा आणि त्याचा दोर जप्त केला. दोर कुठेच कापलेला किंवा तुटलेला नव्हता. म्हणजे तो कोणीतरी सोडला होता. संशय मुकादमावर गेला.

"मॅडम, पट्टा मीच दिला की त्याला!" तो रडकुंडीला आला. "तारंवर कपडे वाळत घालू नका म्हणालो, त्यावरनं भांडण."

"कसली तार?"

"परांचीमागची लोखंडी. पट्ट्याच्या दोराची कडी तिला अडकवायची असती."

"हे त्यांना सांगितलं होतं?"

"पट्टा कमरंला बांधा म्हणालो. म्होरचं सांगायचं ऱ्हायलं."

मग धाकट्या भावाचा जबाब घ्यायला बसले. त्याच्या हातात तोच दोर दिला. "भावाने कसा बांधला होता, दाखवा."

त्याने क्षणात टेबलाच्या पायाला गाठ मारली. लोंबणारं टोक ओढलं आणि सगळा दोर सुटून आला.

"मेंढरं अशीच बांधतो आमी. लांडगा आला तर एका हिसक्यात सुटाय पायजे की."

"अरे, हितं मेंढरू न्हाय, माणूस बांधलाय!" आमचे हवालदार ओरडले.

मी लगेच विचारलं, "ही गाठ आणखी कोणी मारली आहे?"

"माझी बायको. ती इमारतीवर हाय की आत्ता. दुसऱ्या बाजूला काम लावलंय."

आम्ही जीप काढली. मुकादम आणि धाकटा भाऊ मागे बसले. इमारत दिसताच मी भोंगा बंद करायला लावला. ती दचकून वळली असती तर? ती तिसऱ्या मजल्यावर विटा देत होती. दोर परांचीच्या खांबाला त्याच गाठीने बांधलेला होता आणि त्याचं मोकळं टोक तिच्या पायात घोटाळत होतं. जवळच्या तारेवर तिचं लुगडं वाळत होतं.

नवरा खालून शांत आवाजात म्हणाला, "अगं, हाय तितंच उभी ऱ्हा. पाय उचलू नको."

"का वो? साप हाय का काय?" ती हसली.

आमच्यापैकी कोणी हसलं नाही. मुकादम वर चढला, लुगडं बाजूला सारून त्याने तिची कडी तारेत अडकवली. खट्ट असा आवाज खालीही ऐकू आला.

थोरला पुढे शुद्धीवर आला. माझ्याच पायात दोर अडकून गाठ सुटली आणि तोल गेला, कोणी पाडलं नाही, असं त्याने जबाबात सांगितलं. गुन्हा नोंदवला तो ठेकेदार आणि मुकादमावर, निष्काळजीपणाचा. आम्ही ढकलणारा हात शोधत होतो. खरं तर शिकवणारा हातच तिथे नव्हता. नवीन माणूस वस्तू हातात घेतो आणि आधीच्या आयुष्यात शिकलेलंच तिच्यावर चालवतो. ती गाठ चुकीची नव्हती, फक्त मेंढरांची होती.

धाकट्या लेकी, परवा तू तुझ्या नव्या कामाच्या साइटवरचा हेल्मेट घातलेला फोटो पाठवलास. छान दिसतेस. पण पट्ट्याची कडी कुठे अडकवायची, हे तुला कोणी प्रत्यक्ष करून दाखवलं का? आधी तेवढं कळव.