आप्पांचा बंद डबा

न्हावऱ्याचे जयसिंग आप्पा माईक दिसला की फुलतात. गावात कुणाचा सत्कार असो नाहीतर डेअरीचं उद्घाटन, सूत्रसंचालन त्यांचंच. मंचावरच्या सतरा जणांची नावं ते कागद न बघता, मानाच्या क्रमानं घेतात. एक सुटलं तर ते घर वर्षभर बोलत नाही, याची त्यांना धास्ती. कारेगावजवळच्या कारखान्यातही विभागाचं प्रेझेंटेशन तेच करत. निमोण्याची गौतमी कामाला लागेपर्यंत.

गेल्या वर्षी या पोरीनं उभं राहताच टेबलावर मूठभर वाकडे स्क्रू खळ्ळकन ओतले. "हे फक्त आज सकाळी वाया गेलेले," एवढंच म्हणाली. साहेब लोक खुर्चीत पुढे सरकले. आप्पांच्या भाषणाला ते नेहमी मागे रेलत. तेव्हापासून गौतमी नुसती हसली तरी आप्पांच्या पोटात जळजळायचं, आणि दोष ते कँटीनच्या भज्यांना द्यायचे.

यंदा पुण्याच्या प्रेझेंटेशन स्पर्धेला विभागातून एकच जण जाणार होता. निवडीला प्रत्येकी पाच मिनिटं. आप्पांनी घरून स्टीलचा मोठा डबा आणला आणि वाकड्या स्क्रूंनी काठोकाठ भरला.

"तिनं मूठ वतली, म्या डबाच वततो!"

डबा टेबलावर आला. सगळे टक लावून बघू लागले. आप्पांनी झाकणाला हात घातला, तेवढ्यात पहिल्या रांगेतले साहेब दिसले आणि जीभ सवयीवर गेली. "आदरणीय प्लँट हेड साहेब, सन्माननीय एचआर साहेब..." चौदाव्या नावाला, म्हणजे कँटीनच्या ठेकेदाराला, वेळ संपल्याची घंटा वाजली. डबा बंदच.

गौतमीची निवड झाली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन हजर.

"आप्पा, पुण्यात लई मोठी माणसं असत्यात म्हणं. सुरुवातीला कुणाकुणाची नावं घिऊ?"

आप्पांचे डोळे लकाकले. सतरा नावं लिहून दिली की हिचीही घंटा! त्यांनी वही ओढली, 'आदरणीय' लिहिलं. पोरगी लिहिलेलं मान वाकवून, मन लावून वाचत होती. आप्पांनी पानच फाडलं.

"एकाचं बी घिऊ नको. माझा डबा घिऊन जा. काल समदे त्याच्याकडंच बघत व्हते. पण झाकण काढताना सांगायचं, डबा जयसिंग आप्पांचा हाय."

सोमवारी ती करंडक घेऊन गेटवर उतरली. आप्पांनी करंडकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाव घेतलं का माझं?"

"पयलंच घेतलं की, आप्पा!"

"आन् गावाचं?"

"आगं बया, ते राह्यलं!"

आप्पा जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.