हार नाही, अगरबत्ती नाही

तीन टाळकी वर्षानुवर्षं एकाच टेलरच्या दुकानात बसली की किस्से चिंध्यांसारखे साठतात. कितीही झाडा, मशीनखाली थोडे राहतातच. आमचं दुकान पाथर्डीतलं, रमजानभाईंचं. मी एसटीतला रिटायर्ड कंडक्टर. आणि आमचे म्होरके गर्जे गुरुजी.

गुरुजींना कुठून तरी अडीचशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज लेखक सापडला. राजा जन्मानं मोठा नसतो आणि धर्माच्या धाकानं डोकं गहाण ठेवायचं नसतं, असं लिहून त्यानं दोन्हीकडचे दुश्मन केले. झालं! दर जानेवारीला दुकानात त्याची जयंती. हार नाही, अगरबत्ती नाही, पाया पडायचं नाही. प्रसादाऐवजी प्रत्येकानं एक शंका विचारायची.

*

एका वर्षी हौसेनं फ्लेक्स केला. फ्लेक्सवाल्यानं सवयीनं फोटोखाली टाकलं, 'भावी आमदार'.

आम्ही त्याच्यावर उखडलो. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. निवडून यायची भीती न्हाई."

*

तो फ्लेक्स बघून काही पोरं आली. हा बाबा कुठल्या धर्माचा, म्हणून दरडावायला लागली. त्याला त्याच्याच धर्माच्या लोकांनी वाळीत टाकलं होतं, तुम्ही रांगेत मागं उभे राहा, असं गुरुजींनी शांतपणे सांगितलं. सकाळी दुकानाची काच फुटलेली.

पुढच्या जयंतीला रमजानभाईंची पाळी आली. "बोलतात गुरुजी, काच माझीच का फुटते? ही माझी शंका."

गुरुजींनी मान खाली घातली.

*

त्या लेखकाच्या मयताला बोटावर मोजण्याइतकी माणसं होती, आणि पुढं त्याची हाडंसुद्धा कुठं गेली कळलं नाही, हे गुरुजी दर वर्षी सांगायचे. शेवटच्या वर्षी सांगून झाल्यावर पोराकडं, संतोषकडं वळले. "माझ्यामागं दहावा, पिंड, कावळा, काही करायचं न्हाई. हे दोघं साक्षीदार." संतोषनं मान डोलावली.

*

गुरुजी नगरच्या दवाखान्यात वारले. तिसऱ्या दिवशी संतोष दुकानात आला आणि उभाच राहिला. दहावा केला नाही तर पोरीची सोयरीक कोण करतंय बघू, असं भावकीनं त्याला सुनावलं होतं.

"मला गावात राह्यचंय, काका," म्हणाला. मला त्याचा रागही आला आणि दयाही आली. साक्षीदार दोघंही गप्प बसलो.

*

दहाव्याला नदी कोरडी. पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसलेला, पण खाली येईना. संतोष म्हणाला, आबा, पोरीचं लग्न थाटात करू. चुलता म्हणाला, बांधाचं भांडण मिटवू. कावळा ढिम्म.

मग भावकीनं आम्हालाच पुढं ढकललं, मैतरांत जीव अडकला असंल म्हणून. रमजानभाई चप्पल काढून पुढं झाले. "गुरुजी, जयंती बंद पडणार नाही." कावळ्यानं मान वळवली आणि तिथंच बसला.

जन्मभर कशापुढं हात न जोडलेला मी, मनातल्या मनात त्या कावळ्याला विनवत होतो. येऊ नको बाबा, येऊ नको. शेजारी रमजानभाईंचेही ओठ हलत होते.

ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, म्हणजे तो पिंडाला लावून मोकळं व्हायचं. तेवढ्यात काकू, गुरुजींच्या पत्नी, उठल्या, पदर खोचला आणि भटजींच्या हातातला दर्भ काढून घेतला. "उचला त्यो पिंड. त्यांनी न्हाई म्हनलं हुतं."

मग भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं बाभळीकडं बघत हात जोडले.

"लई पक्का मानूस. मेल्यावर बी ऐकला न्हाई."