बाद न झालेला नवरामुलगा

"बाद हो रे मेल्या, बाद हो! बोट दिसायला लागली!"

हे ओरडणारे गृहस्थ माझे वडील. बॅट माझ्या हातात होती, सामना आमच्या आळीचा होता आणि समोर चेंडू घेऊन उभा असलेला बापू सुतार वरच्या आळीचा, म्हणजे उघड उघड शत्रुपक्षाचा. तरीही मी बाद व्हावं म्हणून माझे सख्खे वडील मांडवीच्या वाळूत धोतर खोचून नाचत होते. पाठोपाठ आमच्याच बाजूचे गडी ओरडायला लागले. मग माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन तमाशा बघत थांबलेल्या बायका. शेवटी तर पंचांनीच हात जोडले. फलंदाजाच्या पाया पडणारा पंच तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि तो पुढे माझा सासरा झाला.

मी मात्र ढिम्म होतो. ढिम्म राहण्यावर माझं लग्न अवलंबून होतं.

पण हे असं मधूनच कळायचं नाही, सुरुवात भावोजींपासून करायला हवी. दत्तूभावोजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. मालाच्या आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा लोटायचं काम. दुसरी लढाई अजून कोणाच्या ध्यानीमनी नव्हती, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या बोटीचा बॉयलर अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात असा रुसला की तो दुरुस्त होईतो भावोजी बसून. बसून करायचं काय, तर बेसबॉल बघायचा. परत आले ते एक चेंडू, एक चामड्याचा हातमोजा (आईला वाटलं, जावयाने परदेशातून भाजणी मळायला परात आणली) आणि पोतंभर थापा घेऊन. थापा आमच्या घरात आधीच मुबलक होत्या, पण त्या देशी.

"विटीदांडूचाच थोरला भाऊ समज," ते मला म्हणाले. "चेंडू टाकायचा, दांडूने मारायचा, चार ठाणी पळून घरी यायचं. पण खरी गंमत पळण्यात नाय. खरी गंमत थांबण्यात."

"थांबण्यात कसली गंमत?"

"तिथले खेळाडू पगारी. पगारी माणूस कधी घाई करतो? आपल्या कचेरीतले कारकून बघ. तसंच. टाकणारा चेंडू चोळतो, टोपी काढतो, टोपी घालतो, आभाळाकडे बघतो. मारणारा बुटाची माती झटकतो, बाह्या ओढतो, हातावर थुंकतो, पुन्हा रेषेबाहेर जातो. मी एक सामना बघितला, सदू. सुरू झाला तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरची बाई गरोदर होती. संपला तेव्हा तिचा मुलगा दारावर तिकिटं तपासत होता."

"आणि लोक कंटाळत नाहीत?"

"लोक शेंगा खातात."

हे ऐकून बाकीचे हसले, मी नाही. मला त्यात मोक्षाचा मार्ग दिसला. कारण त्या वेळी माझं लग्न जमत नव्हतं, आणि जमत नव्हतं ते माझ्या घाईमुळे. मी कौलांच्या वखारीत कामाला होतो, अंगाने धडधाकट होतो, दिसायला वाईट नव्हतो (हे माझं मत). पण स्थळ आलं की माझ्या अंगात वारं शिरायचं. पहिल्या स्थळाच्या वेळी मी पाहुण्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. प्रश्न होता, "वडिलांना किती…" आणि मी म्हणालो, "दोन." ते विचारत होते वडिलांना किती भाऊ, मी सांगितले दात. दुसऱ्या स्थळाला वाकून नमस्कार करताना मुलीच्या काकांच्या नाकावर डोकं आपटलं. तिसऱ्या वेळी तर मी पाहुण्यांना आणायला असा धावलो की त्यांना ओलांडून पुढे बंदरापर्यंत गेलो. ते आले, बसले, पाणी पिऊन गेले, तरी मी बंदरावर त्यांना शोधतोच आहे.

आता चौथं स्थळ आलं होतं ते मुरुडच्या रामा तांडेलांचं. दापोलीकडचं मुरुड. माणूस जन्मभर मचव्याचं सुकाणू धरलेला, बोलायला तोलून मापून. मुलगी यमुना. तिला माझ्या आत्याने पाहिलं होतं आणि घरात सगळ्यांची पसंती होती. राहिलं होतं ते तांडेलांनी मला पाहायचं. सकाळच्या बोटीने ते हर्णैहून येणार आणि संध्याकाळच्या बोटीने परत जाणार. आईने निर्वाणीचं सांगितलं, "सदू, हे स्थळ गेलं तर मी पुन्हा कोणाच्या दारी तोंड घेऊन जायची नाय."

भावोजींनी तोड काढली. "ह्याला घरात बसवून दाखवू नका. घरात हा काहीतरी फोडतो. उघड्यावर दाखवा. सामना ठेवू. पाहुणा बघेल, मुलगा कसा स्थिर आहे तो." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "लक्षात ठेव. पगारी माणसासारखा खेळ."

झालं. तुटक्या वल्ह्याची बॅट बापू सुताराने घडवली. ओहोटीला मांडवीची वाळू अशी घट्ट होते की तिच्यावर बैलगाडी चालावी, म्हणून मैदान तिथेच. पहिलं ठाणं म्हणजे एक पालथी घातलेली वेताची पाटी, दुसरं सोललेल्या नारळांचा ढीग, तिसरं कोणाच्या तरी होडीचा नांगर, आणि घर म्हणजे चटईचा तुकडा. खेळाचे नियम एकट्या भावोजींना ठाऊक, त्यामुळे दोन्ही बाजूंना शिकवलं त्यांनीच. इथे पहिली चूक झाली. संथपणा त्यांनी मलाही शिकवला आणि बापू सुतारालाही.

दुसरी चूक मानापानाची. तांडेलमामा छत्री आणि गाठोडं घेऊन आले, तर त्यांना नुसतं वाळूत बसवणार कसं? बाबा म्हणाले, "तुम्हीच पंच व्हा. तुमच्यासारखा वडील माणूस हजर असताना दुसरा कोण होणार?"

तांडेलमामांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा छत्री चटईशेजारी वाळूत रोवली. "बरं. पण मी एकदा सुकाणू धरलं की किनारा लागल्याबिगर सोडत नाय. खेळ संपतो कधी?"

"शेवटचा गडी बाद झाला की," भावोजी म्हणाले.

"म्हणजे किती वाजता?"

"ह्या खेळात घड्याळ नसतं, मामा."

तांडेलमामांच्या कपाळावर पहिली आठी तेव्हा पडली.

दुपार अशी गेली की सांगता सोय नाही. प्रत्येक चेंडूआधी बापू सुतार चेंडू चोळायचा, जणू त्याला पॉलिश करून विकायचाय. मग समुद्राकडे बघायचा. मग मान हलवायचा, जणू समुद्र काही विचारतोय. आमचे गडी बॅट खांद्यावर टाकून उभ्या उभ्या डुलक्या घेत. नारळांचं दुसरं ठाणं हळूहळू कमी होत गेलं, कारण तिथे उभा राहणारा गडी एकेक नारळ फोडून खात होता. (दोष त्याचा नाही, तो जेवणाची वेळ टळून उभा होता.) आणि ऊन उतरता उतरता, आमचे बाकीचे सगळे बाद होऊन, शेवटचा गडी म्हणून मी आलो.

दूर दक्षिणेला धुराची रेघ दिसत होती. तांडेलमामांची बोट.

मी आधी पायाची वाळू झटकली. एका पायाची, मग दुसऱ्या. दुसऱ्याची झटकेतो पहिल्याला पुन्हा लागली. बाही ओढली. बाही नव्हतीच, बंडी होती, तरी ओढली. हातावर थुंकलो. तयार झालो. तर बापू तयार नव्हता, तो टोपी काढून आत बघत होता. तो तयार झाला तेव्हा मी शिस्तीत रेषेबाहेर गेलो.

"हे काय चाललंय?" तांडेलमामांनी भावोजींना विचारलं.

"अमेरिकेत असंच करतात."

"मग तिथे माणसं घरी कधी जातात?"

पहिले दोन चेंडू मी सोडून दिले. दोन्ही माझ्या खात्यावर लागले. तिसरा चुकला असता तर मी बाद आणि खेळ खलास. पण तो मी असा तिरका तटवला की थेट समुद्रात.

"फुकट," भावोजींनी निर्णय दिला. "बाजूला गेलेल्या फटक्यावर गडी बाद होत नाय. चेंडू पुन्हा टाकायचा."

चेंडू एकच. दोन जण पोहत जाऊन घेऊन आले. बापूने तो पिळला, वाळवला, चोळला, समुद्राकडे बघितलं. टाकला. पुन्हा समुद्रात. पुन्हा पोहणं, पुन्हा पिळणं. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण चेंडूला शेवाळ धरलं होतं असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. इकडे भरती लागली. नांगराचं तिसरं ठाणं बघता बघता पाण्याखाली गेलं. बोटीने पहिला भोंगा दिला आणि तेव्हाच बाबांनी तो वर सांगितलेला टाहो फोडला.

मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे. लोक ओरडतायत, बोट आलीय, पाणी पायाला लागतंय आणि मी घाई करत नाही. तांडेलमामा नक्की मनात म्हणत असतील, वा, काय धीराचा मुलगा. मी सावकाश बाही ओढली.

पुढचा चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. तांडेलमामा तत्काळ ओरडले, "बाद."

"कसा बाद, मामा? टप्प्यातच नव्हता," भावोजी म्हणाले.

"मी पंच आहे. मी म्हणतो बाद."

"तुमची सुकाणूची शपथ घेऊन सांगा, टप्प्यात होता?"

तांडेलमामांनी बोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस. खांदे पाडून म्हणाले, "नव्हता." मग माझ्यासमोर हात जोडले. "सदोबा, बाद व्हा हो. माझा पडाव सुटतोय." बोट खोल पाण्यात उभी राहते आणि धक्क्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागतं. पडाववाला हाका मारून मारून घसा बसवून घेत होता.

"बसा तुम्ही निवांत," मी म्हणालो. माझ्या मते, आदराने.

आणि मग मी मारला तो फटका. सरळ, सणसणीत, सगळ्यांच्या डोक्यावरून. पळालो पहिल्या ठाण्याकडे, तर ठाणं नाही. भरतीने पाटी उचलली होती आणि ती डुलत डुलत समुद्राकडे निघाली होती.

"ठाण्याला हात लाव!" भावोजी ओरडले. "नायतर बाद!"

आता सांगा, स्थिर माणसाने काय करावं? मी पाण्यात उडी घेतली. पाटी पुढे, मी मागे, माझ्यामागे चेंडू घेऊन बापू सुतार. कमरेएवढं पाणी झालं, छातीएवढं झालं. अखेर एका लाटेने पाटी माझ्या डोक्यावर आणून पालथी घातली. आत अंधार होता, पण मी सुरक्षित होतो. बाहेरून भावोजींचा आवाज आला, "बाद नाय! खेळ चालू!" आणि लगेच बोटीचा शेवटचा भोंगा.

पाटी काढून बघतो तो पडाव निम्म्या वाटेवर गेलेला आणि तांडेलमामा छत्री उपटून वाळूत बसलेले. म्हणाले, "गडी बाद नसेल झाला. पण पंच बाद झाला."

भिजलेली वरात घरी आली. दुसरी बोट दुसऱ्या दिवशी. तांडेलमामांना ओटीवर बसवलं, आईने गूळपाणी दिलं. आमच्याकडची रीत अशी की मुलीकडच्या माणसाने हो किंवा नाही तोंडाने सांगेपर्यंत त्याला मुलाच्या घरी गूळपाण्यापलीकडे काही वाढायचं नाही. अन्न घातलं की माणूस भिडेला पडतो. आणि आई रीतीच्या बाबतीत कोणाच्या बापाची भीड धरणारी नव्हती. आत सरंग्याचं कालवण रटरटत होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या, आणि वास थेट ओटीवर येत होता. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की पाचवं स्थळ बघायला मी जिवंत राहीन असं मला वाटेना.

तांडेलमामांनी दुसऱ्यांदा गूळपाणी घेतलं. मग तिसऱ्यांदा. मग खाकरले.

"भाऊ," ते बाबांना म्हणाले, "तांडेलकीत मी एक शिकलो. वादळात घाबरतो तो बुडतो. आज सगळा किनारा ह्या मुलाच्या नावाने शंख करत होता, पण हा हलला नाय. ठाणं समुद्रात गेलं तर हा समुद्रात गेला, पण ठाणं सोडलं नाय. असा माणूस संसार सोडायचा नाय. माझी यमुना मी तुम्हाला दिली."

आई आतून ढसाढसा रडली. बाबांनी मला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, शाबास म्हटलं. भावोजी म्हणाले, बेसबॉल वाया जात नाही. पानं मांडली गेली आणि तांडेलमामा जेवले. असे जेवले की आक्काने शेजारून भाकऱ्या आणल्या.

लग्न झालं, संसार झाला. तांडेलमामांचे ते बोल मी वखारीत सांगितले, बंदरावर सांगितले, प्रत्येक लग्नकार्यात सांगितले. वादळात न हलणारा माणूस म्हणून आळीत माझी थोडीफार छाप पडली होती. थोरल्या मुलाच्या बारशाला सगळी पाहुणेमंडळी पंगतीत बसलेली असताना मला राहवेना. मुद्दाम मोठ्याने विचारलं, "मामा, सगळ्यांना एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. त्या दिवशी माझ्यात नेमकं काय पाहिलंत?"

सासऱ्यांनी घास गिळला, पाणी प्याले, पुढची भाकरी ओढून घेतली.

"काय नाय," ते म्हणाले. "भूक लागली होती."