सुलट्या पंख्याचं विमान

घरी विमान बनवायचं तर सगळ्यात आधी बायकोची परवानगी लागते; बाकीच्या परवानग्या कुठे मिळतात हे शोधायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

मी वरवट बकालला शाळेत विज्ञान शिकवतो. माझे सहकारी सुट्टीत प्लॉट बघायला जातात, मी अंगणात विमान बनवत होतो. सांगाडा झाला, पंख झाले, वर कापड चढलं, आणि इंजिनाअभावी ते निंबाखाली इतके दिवस उभं राहिलं की शेजारच्या शालिकरामची कोंबडी माझ्या सीटवर अंडी घालायला लागली. (अंडी कोणाची, यावरून झालेलं भांडण वेगळं!)

मग अकोल्याच्या भंगारात मला रेडियल इंजिन सापडलं. पूर्वी कपाशीवर औषध फवारायला विमानं यायची, त्यातल्याच एकाचं. यात सिलिंडर एका ओळीत नसतात, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले असतात. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रॉली दारात लागल्यावर बायकोच्याही आलं, पण तिचं कारण वेगळं होतं.

शालिकराम कुंपणावरून ओणवा झाला. "सर, इंजिन आनलं म्हनते. पानी किती इंची फेकते?"

"पाणी नाही फेकत हो, विमानाचं आहे ते!"

"थे समजलं. पन पानी?"

आमच्याकडे इंजिन म्हणजे विहिरीवरचं. पाणी न फेकणारं इंजिन घेणाऱ्या माणसाकडे त्याने जशा नजरेने पाहिलं, तशा नजरेने नंतर पुष्कळांनी पाहिलं.

अक्षय्य तृतीया जवळ आली तशी मंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, अट घातली. "अखाजीले माहे बाबा येऊन राह्यले. त्यायच्या हातानं पूजा करा. त्या दिवशी हे धूड चाललं तं राहू द्या. नाही चाललं, तं दुसऱ्या दिवशी भंगारवाला! मले वाळवन टाकाले अंगन पाहिजे."

झालं! माझ्या उभ्या आयुष्याचं स्वप्न आता कुरड्या-पापडांच्या तराजूत बसलं.

माझे सासरे, मामाजी, शेगावला पौरोहित्य करतात. इंजिन बसवायच्या मुहूर्तालाही तेच आले होते. निंबाच्या फांदीला चेनपुली बांधून आम्ही इंजिन विमानाच्या नाकाशी आणलं, ट्रॅक्टरचे रबर मध्ये घालून बोल्ट आवळले आणि पुली सोडली. त्याबरोबर विमानाचं नाक जमिनीला टेकलं आणि शेपूट आभाळात गेलं!

"वा, जावईबापू! नमस्कार करून राह्यलं. संस्कारी आहे," मामाजी म्हणाले.

तोल साधायला मी शेपटीत सोयाबीनची पोती बांधली. मग नाकासमोर उभा राहून पंखा हाताने फिरवून दाखवला. मी स्वतः सागवानाचा कोरलेला पंखा! मामाजींचा चेहरा मात्र उतरला.

"हे तं उलटं फिरून राह्यलं. प्रदक्षिणा अशी असते काय? असं मढ्याभोवती फिरतात, जावईबापू!"

"आत बसून पाहिलं की सुलटंच दिसतं, मामाजी."

"आत तुम्ही एकटे. बाहेर सारं गाव."

"पण इंजिनच तसं फिरतं. ते बदलता येत नाही."

"मंग इंजिनाचं राहू द्या. पंखा तरी सुलटा करा! पाती इकडं कललेली आहेत ना, ती तिकडं कलवा. देवाले दिसलं पाहिजे का आपली नियत सुलटी होती."

सासऱ्यासमोर जावयाला जेवढं विज्ञान आठवतं तेवढंच मला आठवलं, म्हणजे काहीच नाही. इंजिन फिरणारच, पंखाही फिरणारच, पाती कुठे का कलेनात, हवेला काय कळतंय, असं म्हणून मी दुसरा पंखा कोरायला बसलो. छताच्या पंख्याची पाती उलटी वाकवली तर वारा खाली न येता वर जातो, हे मी दरवर्षी पोरांना सांगतो. ते मला नंतर आठवलं. बरंच नंतर.

अखाजी उजाडली. मी तयारीत कसर सोडली नाही. नवा सुलटा पंखा नाकावर चढवला. विमान पुढे पळू नये म्हणून चाकांच्या पुढे धोंडे लावले. शेपटीला दोरखंड बांधून तो मागच्या खांबाला आवळला. मंदाच्या कुरड्या विमानाच्या मागे सुकत होत्या, त्या सगळ्या बाजांसकट उचलून पुढे नेऊन ठेवायला लावल्या.

"नक्की ना?" तिने विचारलं.

"अगं, वारा मागे जातो. पुढे पान हलणार नाही!"

विमानाच्या मागे आता फक्त आमची टिनाची न्हाणी उरली होती. पूजेआधी स्नान करायला मामाजी तिच्यात शिरले आणि मला दुर्बुद्धी सुचली. पूजा झाल्यावर त्यांच्या देखत इंजिन सुरूच नाही झालं तर? उद्या भंगारवाला! त्यापेक्षा ते बाहेर यायच्या आत एकदा गुपचूप पाहून घ्यावं. मी सीटवर चढलो, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि बटण दाबलं.

खालच्या सिलिंडरांत साचलेलं ऑइल जळून असा पांढरा धूर निघाला की निंब दिसेनासा झाला. मग धडाधडा आवाज! चाललं! माझं इंजिन चाललं! आनंदाने मी थोडं ॲक्सिलरेटर वाढवलं. समोरच्या बाजांवरून वर्षभराच्या कुरड्या उठल्या आणि थव्याने शालिकरामच्या घरावरून निघून गेल्या.

"अहो, बंद करा! माह्या कुरड्या!" मंदा ओरडली.

आणि मग माझ्या लक्षात आलं की निंब पुढे जातोय. निंब कसा जाईल? मी मागे जात होतो! धोंडे पुढे होते ते पुढेच राहिले. दोरखंड मागे बांधलेला, तो ढिला पडून मजेत लोळत आला. घाबरून मी हातात सापडेल ते ओढलं. ते ॲक्सिलरेटरच होतं.

टिन फाटल्याचा आवाज ऐकून मी डोळे मिटले. इंजिन आपोआप बंद पडलं. धूर विरला तेव्हा विमानाचं शेपूट, सोयाबीनसकट, न्हाणीत होतं. मामाजींना काही झालं नसेल ना, या विचाराने मी सीटवरून उडी टाकून धावलो. पंख कोणत्याही क्षणी गळतील असं वाटत होतं, पण त्या घडीला मला त्यांची पर्वा नव्हती.

"मामाजी! मामाजी हो!"

आतून तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मग ओला पंचा सावरत, कपाळाला सोयाबीनचे दाणे चिकटलेले मामाजी फटीतून बाहेर आले. त्यांनी विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "एवढी काय घाई होती? मी येतच होतो."

मी शेवटचा प्रयत्न केला. "मंदा, चाललं तर राहू देणार होतीस. चाललं ना?"

"चाललं," मंदा रिकाम्या बाजेवर बसत म्हणाली. "पुढं चाललं असतं तं तुम्हीही गेले असते, मी कोनाले शोधलं असतं? बरं झालं मागंच आले. उद्या भंगारवाल्याले बोलवा."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी इंजिन ट्रॉलीत चढलं, तेव्हा शालिकराम कुंपणावरच होता. "मी तवाच म्हनलो होतो सर, पानीवालं घ्या."

सुट्ट्या संपल्या, शाळा सुरू झाली, आणि क्रिया-प्रतिक्रियेचा नियम शिकवायची वेळ आली. मी तो शक्य तितका घाईघाईने, फळ्याकडे तोंड करून शिकवून टाकला. पण त्या वर्षीच्या परीक्षेत त्या प्रश्नाला सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. पुस्तकात उदाहरण बंदुकीचं होतं. पोरांनी एकमुखाने लिहिलं होतं: 'वारा पुढे गेला, सर मागे गेले.'