एकवीस सेकंद कमी सांगितले

मी सव्वीस वर्षं सरकारी नोकरीत जमिनी मोजतो आहे. मोजणीत हातभर चूक झाली तरी दोन घरं जन्मभर भांडतात, त्यामुळे आकडा सांगताना मी सख्ख्या भावाचीही भीड ठेवली नाही. खोटा आकडा एकदाच सांगितला, शेजारच्या मुलाला.

त्याचे वडील गवंडी. मुलाला सैन्यात जायचं होतं. भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावायचे होते. मी अनसिंगच्या रस्त्यावर टेप लावून अंतर मोजून दिलं, दोन्ही टोकांना चुन्याची खूण केली आणि रोज सकाळी मोबाइलवर वेळ घेत उभा राहू लागलो. दोन महिने तो पावणेसहा मिनिटांच्या खाली येईना.

एके दिवशी धावून आला तो गुडघ्यांवर हात टेकून वाकलाच.

“किती, काका?”

पाच एकोणपन्नास झाले होते. “पाच अठ्ठावीस,” मी म्हणालो.

“झूट तं नाही बोलून राह्यले?”

“मोजणीवाला हाय मी. झूट कायले बोलू?”

त्याने रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याला थांबवून आकडा सांगितला. दूधवाला म्हणाला, “मंग उद्यापासून माह्या गाडीमांगं धाव. दुधाचे कॅनही घेशीन.”

त्या दिवसापासून तो खरोखर पाय उचलू लागला. पाच आठवड्यांनी भरतीच्या मैदानावर तो वेळेत आला, तेही सैन्याच्या घड्याळावर. पायदळात गेला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा वजन नऊ किलोंनी वाढलं होतं. वीस दिवसांतले सहा दिवस त्याने वडिलांबरोबर आमच्या कुंपणाची भिंत बांधण्यात घालवले.

दुसऱ्या वर्षी सीमेवर लढाई सुरू झाली. तिसऱ्या दिवशी त्याच्या चौकीवर तोफगोळा पडला. तो बावीस वर्षांचा होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याची आई सांगायची, “लहानपणापासूनच तेज होतं माहं पोरगं.” मी शेजारी बसून ऐकायचो. तीन महिने ऐकलं. मग एका दुपारी वडील ओट्यावर एकटे दिसले, तेव्हा जाऊन सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “त्या दिवशी घरून जाताना मले बोल्ला होता, ‘बाबा, आज नाही झालं तं बंद. उद्यापासून तुमच्यासंगं कामावर येतो.’ मी त्याच्यासाठी नवी थापी आणून ठेवली होती.”

हे मला ठाऊक नव्हतं.

“अन् हे आता मले काहून सांगून राह्यले, भाऊ? तुमच्या जिवाले हलकं वाटावं म्हणून?”

“हो,” मी म्हणालो.

“त्याच्या आईले सांगू नका,” ते म्हणाले. “मले सांगतलं, तेवढं पुरे.”

तेवढ्यात ती चहा घेऊन बाहेर आली. दोघांच्या तोंडाकडे पाहून तिने विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” ते म्हणाले आणि माझ्या हातात कप दिला.